मिठातला राजा आणि बर्फातला वाटसरू
परभणीच्या उन्हात मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी गच्चीवर वाळत घालणाऱ्यांना प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीमागचे तत्त्व नवे वाटणार नाही: आतडी, फुप्फुसे काढून नेट्रॉन या क्षाराने देहातले पाणी शोषून घेतले जाई. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात सुमारे ३,२१० मीटर उंचीवर बर्फात सापडलेल्या ओत्झी नावाच्या माणसाच्या देहावर मात्र कोणताही संस्कार झाला नव्हता. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा हा देह मला अधिक बोलका वाटतो, कारण त्याच्या पोटात रानबोकडाचे मांस आणि डाव्या खांद्यात बाणाचे टोक तसेच राहिले. तुतनखामेनचे थडगे १९२२ मध्ये सापडले. सोने शाबूत होते, पण ओतलेल्या राळेमुळे शवपेटीला चिकटलेला देह कापूनच बाहेर काढावा लागला.