कुत्रं ‘ठेवून घेऊन ट्रेन करतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

‘तीन आठवडे माझ्याकडे ठेवा, परत येईल तेव्हा भुंकणं बंद.’ हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं असेल, आणि घरात जॅक रसेल, मिनिएचर पिन्शर किंवा तसलंच एखादं छोटं, अंगात वारं शिरलेलं कुत्रं असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे अठ्ठावीस हजार गेले. कुत्रीच्या मानेचं जे झालं ते त्याहून जास्त लागलं.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, वन बीएचके. चिंगी जॅक रसेल टेरियर, वजन जेमतेम सहा किलो. लिफ्टचं दार वाजलं की भुंक, कुकरची शिट्टी झाली की भुंक, खिडकीत कबूतर बसलं की सोफ्याच्या पाठीवरून थेट झेप. वरच्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. त्यांनी तक्रार केली, सेक्रेटरींनी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस धाडली. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या सूचना आहेत, त्यानुसार कुत्रं भुंकतं एवढ्यावरून सोसायटीला ते पाळायला बंदी करता येत नाही. पण काकांशी रोज जिन्यात गाठ पडते, तिथे परिपत्रक दाखवून भागत नाही. असल्या घरांवरच या मंडळींचं पोट चालतं. आम्हाला नंबर दिला तो आमच्याच वॉचमनने. त्याला दर गिऱ्हाइकामागे कमिशन मिळतं, हे नंतर कळलं.

माणूस घरी आला तो छाप पाडूनच गेला. कमरेला खाऊची पिशवी, टी-शर्टवर लोगो, दोन मिनिटांत चिंगीला ‘सीट’ करून दाखवलं. (चिकनचा तुकडा नाकासमोर धरला की चिंगी दूधवाल्यासाठीसुद्धा बसते.) कर्जतच्या पुढे फार्म आहे, मोकळं रान आहे, रोज व्हिडिओ पाठवतो, सगळं गोड बोलणं. अट एकच, मधे भेटायला यायचं नाही. ‘मालक दिसला की केलेलं सगळं पाण्यात जातं, ताई.’ आणि यूपीआयने पैसे पाठवताना नोटमध्ये ‘डॉग फूड’ लिहा म्हणाला. जीएसटीचं काहीतरी कारण सांगितलं.

व्हिडिओ यायचे. चिंगी बसलीय, चिंगी आडवी झालीय, चिंगी त्याच्या पायाला लागून चालतेय. आम्ही ते नातेवाइकांना कौतुकाने पुढे पाठवले. खोट पकडली ती आमच्या दहावीतल्या मुलीने. चिंगीला पाठवायच्या आदल्या दिवशी तिच्या पुढच्या डाव्या पंजावर खरचटलं होतं, म्हणून जांभळं औषध लावलं होतं. पांढऱ्या कुत्रीच्या पायावर ते लांबूनही दिसतं. आठवडाभरात ते फिकट व्हायला हवं. पण दुसऱ्या आठवड्यातल्या, तिसऱ्या आठवड्यातल्या व्हिडिओतही तो डाग तितकाच गडद, त्याच आकाराचा. म्हणजे सगळं चित्रीकरण पहिल्या दिवसाचं. आम्हाला ते हप्त्याहप्त्याने पाठवलं जात होतं. व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं तर म्हणे रेंज नाही. त्याच सुमारास ‘ॲडव्हान्स लेव्हल’चे आणखी सहा हजार मागितले.

रविवारी न सांगता कर्जत लोकल पकडून गेलो. फार्म म्हणजे पत्र्याची शेड आणि ओळीने पिंजरे. ट्रेनर नव्हता. एक पोरगा सगळ्या कुत्र्यांना एकाच बादलीतून पातळ भात वाढत होता. चिंगीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला काडेपेटीएवढी काळी डबी. हे काय, असं विचारल्यावर तो पोरगा निरागसपणे म्हणाला, ‘भुंकलं की दादा बटण दाबतो. मग गप.’

घरी येऊन पट्टा काढला. मानेच्या खालच्या बाजूला दोन बोटांच्या अंतरावर दोन गोल जखमा होत्या, केस पूने चिकटलेले. डॉक्टरांनी आजूबाजूचे केस कापले तेव्हा त्या किती खोल आहेत ते दिसलं. शॉक कॉलरला धातूचे दोन खुंट असतात, ते कातडीला टेकावेत म्हणून पट्टा घट्ट बांधतात. तासन् तास तसाच ठेवला तर दाबाने कातडी सडते. पट्टा ठराविक तासांनी काढा, हे बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. वेल्समध्ये तर २०१० पासून असल्या कॉलरवर बंदी आहे. भरीत भर म्हणजे कानाच्या मागे गोचिड्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स उतरलेल्या. गोचीडताप. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन.

भुंकणं मात्र खरंच बंद झालं होतं. लिफ्टचं दार वाजलं की ती पलंगाखाली जायची आणि तिथेच मुतायची. वरच्या काकांनीच एकदा खाली येऊन विचारलं, ‘कुत्री बरी आहे ना? आवाज नाही तिचा.’

डॉक्टर म्हणाल्या, ही शिकलेली नाही, घाबरलेली आहे. मुळात टेरियरचं भुंकणं हा बिघाड नव्हेच. इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची टेरियर कुत्री घेतली, तिच्यापासून ही जात पुढे आली असं मानतात. काम काय, तर कोल्ह्याच्या बिळात शिरायचं, त्याला बाहेर हुसकायचं, आणि आतून भुंकून वरच्या माणसांना जागा कळवायची. उंची पंचवीस-तीस सेंटीमीटर, ती बिळात मावावं म्हणून. आपल्या फ्लॅटचं माप घेऊन नव्हे. पिढ्यान् पिढ्या भुंकण्यासाठी आणि उकरण्यासाठी निवडलेलं जनावर तीन आठवड्यांत गप करून देतो म्हणणारा एक तर थापा मारतो, नाहीतर बटण दाबतो. आमच्या वाट्याला दोन्ही आलं.

आता एक बाई घरी येऊन शिकवतात. चिंगीला नव्हे, आम्हाला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, भुंकणं बंद होणार नाही, कमी होईल. हे ऐकूनच बरं वाटलं. लिफ्टचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी बारीक लावायचा, चिंगीने कान टवकारून आमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ. हळूहळू आवाज वाढवायचा. एका वेळी पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. खाऊ तिच्या दिवसाच्या खाण्यातूनच काढायचा, नाहीतर सहा किलोची कुत्री बघता बघता आठची होते. संध्याकाळचं जेवण वाटीत नाही, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून. अर्धा तास नाक खुपसून उकरत बसते आणि मग झोपते. सकाळी ऊन चढायच्या आत मनसोक्त हुंगत फिरवायचं. पावसाळ्यात मात्र घुशींच्या बिळांपासून लांब, कारण हिला घूस दिसली की लेप्टोची (घुशी-उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती आमच्या पोटात. लस दिलेली आहे, तरीही.

पैशांचं सांगते. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवून घेतली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे, पण त्यातल्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कर्जतला जायचं रिक्षाभाडं त्याहून जास्त. म्हणून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. अडलं ते त्या ‘डॉग फूड’वर. तो म्हणतो, मी खाद्य विकलं, ट्रेनिंगचा प्रश्नच नाही. आमच्या बाजूने व्हॉट्सॲपवरचं बोलणं आहे, डॉक्टरांचा तारीख घातलेला रिपोर्ट आहे, जखमांचे फोटो आहेत. तेव्हा कुणालाही पैसे पाठवताना नोट स्वतःच्या शब्दांत लिहा: ‘कुत्र्याच्या ट्रेनिंगचा ॲडव्हान्स’. त्याला ते चालत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि जिथे तुम्हाला न सांगता जाता येत नाही, तिथे कुत्रं ठेवू नका, मग फार्म कितीही हिरवं असो.

त्याने पेजचं नाव बदललंय. चिंगीचे व्हिडिओ अजून तिथे जाहिरातीत फिरतात, खाली लिहिलंय ‘२१ दिवसांत रिझल्ट’. पुढच्या डाव्या पंजाला जांभळा डाग असलेली पांढरी जॅक रसेल दिसली, तर नंबर न फिरवता पुढे जा.