जुन्या मॅटाडोरच्या डिझेलचा हिशेब: फ्युएलिओ ॲप कामाचं, पण टाकी नीट भरली तरच

बजाज टेम्पोच्या मॅटाडोर व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून फिरतं घर केलं असेल, तर डिझेलच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. फ्लोट, म्हणजे टाकीतला तरंगता गोळा, जुना झाला की काटा अर्ध्यावर अडून बसतो आणि मग एकदम तळाला जातो. हिशेब भरलेल्या लिटरवरूनच धरावा लागतो, आणि त्यासाठी फ्युएलिओ हे मोबाइल ॲप चांगलं आहे. किलोमीटर प्रति लिटर हे माप निवडता येतं, प्रत्येक नोंदीखाली शेरा लिहिता येतो, सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता) काढून घेता येतात. पंपावर उभ्या उभ्या चार गोष्टी भरायच्या: मीटरचा आकडा, लिटर, भाव, आणि टाकी फुल्ल केली की नाही.

चौथ्या गोष्टीतच बहुतेकांची गल्लत होते. समजा, ४८,२१० वर टाकी फुल्ल केली. वाटेत गेवराईला १५ लिटर टाकलं. पुढे ४८,६९० वर पुन्हा फुल्ल करताना २७ लिटर बसलं. गेवराईची नोंद फुल्लची खूण न करता टाकली, तर ॲप दोन्ही मिळून ४२ लिटर धरतं आणि ४८० किलोमीटरला ११.४ चा ॲव्हरेज दाखवतं. तीच नोंद राहून गेली, तर १७.८ दिसतं! जुन्या मॅटाडोरनं अठराच्या जवळ दिलं असं कुणी सांगितलं, तर आधी सुटलेली पावती शोधा. पावती सापडलीच नाही, तर पुढच्या नोंदीत ‘मधली नोंद राहिली’ या अर्थाची खूण करा. मग तो टप्पा ॲव्हरेजमध्ये धरला जात नाही.

आता फुल्ल म्हणजे नेमकं किती? डिझेलला फेस फार येतो आणि जुन्या टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी मातीनं अर्धी बुजलेली असते. त्यामुळे टाकीत जागा असतानाच पंपाचं नोझल कट मारतं, म्हणजे आपोआप बंद होतं. एका खेपेला असं झालं आणि पुढच्या खेपेला नाही, तर गाडी तीच असूनही ॲव्हरेज वरखाली नाचतो. यावर उपाय असा: शक्यतो एकच पंप, गाडी सपाट जागेवर, नोझल हळू. पहिला कट पडला की दोन मिनिटं थांबा, फेस बसू द्या, मग दुसऱ्या कटपर्यंत भरा आणि तिथंच थांबा. आकडा गोल करायला वरून ओतू नका. हवेची नळी टाकीपासून सोडवून कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करून घ्या. नळी टाकीला जोडलेली असताना हवा मारली तर माती टाकीत जाते. मापाचीच शंका असेल, तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून तपासता येतं. त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो.

दुसरी गोष्ट मीटरची. टायरचा साइज बदलला असेल, तर मीटर खोटं बोलतं आणि ॲपला ते कळायला मार्ग नाही. राष्ट्रीय महामार्ग ५२ वर सरळ पट्टा धरून जीपीएसवर ५० किलोमीटर मोजा. मीटर ५२ दाखवत असेल, तर ५० ला ५२ नं भागून ०.९६ येतात. ॲपमध्ये मीटरचा आकडा आहे तसाच लिहा आणि आलेल्या ॲव्हरेजला ०.९६ नं गुणा. वरच्या उदाहरणातले ११.४ मग ११ होतात. मीटरची केबल तुटली असेल, तर जीपीएसचं अंतर मागच्या आकड्यात मिळवून लिहा.

संभाजीनगर ते तुळजापूर असा फेरा असेल, तर जाणं-येणं मिळून एकच हिशेब धरा. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बालाघाटावर चढते, तेव्हा ॲव्हरेज पडणारच. उतरताना त्यातला काही भाग भरून निघतो. पाण्याची टाकी भरलेली की रिकामी हे शेऱ्यात लिहाच, कारण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. उन्हाचा परिणाम मात्र लोक उगाच मोठा धरतात. ५० लिटर डिझेल १० अंशांनी तापलं, तर साधारण ४०० मिलीनं फुगतं, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही.

ॲपची खरी मर्यादा वेगळी आहे. ते फक्त किलोमीटर ओळखतं. गाडी जागेवर उभी ठेवून पंख्यासाठी किंवा बॅटरी चार्ज करायला इंजिन चालवलं, तर ते डिझेलही प्रवासाच्याच खात्यात जातं. किती तास चालवलं ते शेऱ्यात टाका, नाहीतर तो आकडा गाडीच्या तब्येतीवर जाईल. छोटा जनरेटर असेल, तर ॲपमध्ये त्याची वेगळी गाडी करून ठेवा.

एवढं सांभाळलं की ॲव्हरेज डॉक्टरच्या नाडीसारखा वापरता येतो. सलग तीन फुल्ल टाक्यांत तो लिटरमागे एक किलोमीटरनं घसरला, तर आधी एअर फिल्टर बघा. कापसाच्या, उसाच्या दिवसांत रस्त्याची धूळ त्यात लवकर भरते. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ब्रेक ड्रमजवळ हात न्या. एकच ड्रम भाजण्याइतका तापला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक अडकून धरतोय. तेही ठीक असेल, तर इंजिनचं झाकण उघडून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलांवरच्या बारीक, कापडी वेष्टनाच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) बघा. मर्सिडीजच्या आराखड्याच्या त्या डिझेल इंजिनात शेवटच्या नोझलवर एक छोटी टोपी असते. ती वाळून चिरते आणि डिझेल पाझरतं. खाली थेंब दिसत नाही, कारण गरम इंजिनावर ते वाळून जातं. पण तेवढ्याच जागी काळी, ओलसर धूळ चिकटलेली असते. नळी आणि टोपी दोन्ही नवीन टाका, जागा कापडानं कोरडी करा, टाकी फुल्ल करून नवी नोंद सुरू करा आणि त्या नोंदीच्या शेऱ्यात ‘रिटर्न नळी बदलली’ एवढं लिहून ठेवा.