आता निघू की एक वर्ष थांबू? कॉलेज फुटबॉलच्या मुलांसाठी दोन वाटांची तुलना

डिसेंबरमध्ये सत्राच्या परीक्षा संपल्या की माझ्या खोलीत एखादा तरी धिप्पाड मुलगा येऊन बसतो. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते. शनिवारी इथलं स्टेडियम लाखभर माणसांनी भरतं आणि त्या मैदानावर धावलेली मुलं सोमवारी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली असतात. (फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा.) गेल्या वर्षी आलेला मुलगा उजवा पाय सरळ पसरून बसला होता. गुडघ्यावर बर्फाची पिशवी प्लास्टिकने घट्ट गुंडाळलेली, आणि वितळलेल्या पाण्याचा ओघळ हळूहळू त्याच्या मोज्यात उतरत होता. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. म्हणाला, "प्रोफेसर, माझे दोन विषय राहिलेत. नंतर केले तर चालतील ना?"

चालतील हे त्यालाही माहीत होतं. खरा प्रश्न होता तो जानेवारीत नाव नोंदवून एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यात) उतरायचं की कॉलेजात आणखी एक मोसम खेळायचं, हा. तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. इकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही आता शाळेच्या संघांतून खेळताना दिसतात, आणि भारतात बसून पहाटे हे सामने बघणारेही मला ठाऊक आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या दोन फेऱ्यांत नाव येण्याची रास्त खात्री असेल तर निघावं. नसेल तर थांबावं. रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला, मात्र हा हिशेब लागू नाही, त्याने जवळजवळ नेहमीच निघावं.

नियम असा आहे की बारावी संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलचं दार उघडत नाही. १९९० पासून लीगने तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सरसकट आत घ्यायला सुरुवात केली. तीन वर्षांची अट मोडून काढायला ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट कोर्टात गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला, मे महिन्यात अपिलात हरला. २००५ मध्ये डेन्व्हरच्या क्लबने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं खरं, पण मुख्य मोसमातला एकही सामना तो खेळला नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या आत सुटका नाही. निवड आहे ती तिसऱ्या वर्षानंतरची.

निघण्याच्या बाजूने

लोक पहिल्या कराराचे आकडे तोंडपाठ सांगतात. मी मुलांना दुसऱ्या कराराकडे बघायला लावते.

२०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, त्यातले ५ कोटी खात्रीचे. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा कामगार करार आला आणि पहिल्या क्रमांकाच्याच कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाखच मिळाले. तेव्हापासून नवख्याची किंमत त्याच्या ड्राफ्ट क्रमांकाला बांधलेली आहे. करार चार वर्षांचा, आणि पहिले तीन मोसम पुरे होईपर्यंत त्यात बदल करता येत नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला तर क्लब पाचव्या वर्षासाठीही धरून ठेवू शकतो.

म्हणजे घड्याळ सुरू होतं ते ड्राफ्टच्या दिवशी. जो बरोला २०२० मध्ये सिनसिनाटीने पहिल्या क्रमांकावर घेतलं, आणि तीन मोसम होताच २०२३ मध्ये त्याने पाच वर्षांचा २७ कोटी ५० लाखांचा करार केला. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. त्यालाही तीन मोसमांनंतर, २०२५ मध्ये, २६ कोटी ५० लाखांचा करार मिळाला. पर्डीसारखं नशीब हजारात एखाद्याचं, हे मान्य. पण खेळाडूचं खरं उत्पन्न दुसऱ्या करारात असतं, आणि कॉलेजात घालवलेलं प्रत्येक जादा वर्ष तो दिवस एक वर्षाने लांबवतं. ज्याचं शरीर तिशीपर्यंत टिकतं त्याला ते परवडतं. रनिंग बॅकला परवडत नाही. चेंडू हातात घेऊन सरळ माणसांच्या भिंतीत घुसायचं हेच त्याचं काम, आणि तेच काम कॉलेजात करून झिजलेल्या गुडघ्याचे पैसे क्लब देत नाही. बॉयसी स्टेटच्या ॲश्टन जेंटीने २०२४ च्या मोसमात ३७४ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, २,६०१ यार्ड काढले आणि लगेच निघाला. २०२५ मध्ये सहाव्या क्रमांकावर गेला. तो आणखी वर्षभर थांबला असता तर मला खरोखर वाईट वाटलं असतं.

हे मी एका मुलामुळे म्हणते. साउथ कॅरोलायनाचा मार्कस लॅटिमोर २०१० मध्ये, पहिल्याच वर्षी, १,१९७ यार्ड धावला आणि १७ वेळा चेंडू घेऊन गोलपट्ट्यात पोचला. नियमामुळे निघता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी डावा गुडघा गेला. वर्षभर मेहनत करून परत आला, आणि २७ ऑक्टोबर २०१२ ला टेनेसीविरुद्ध उजवा गुडघा असा निखळला की टीव्हीवर बघणाऱ्यांनी तोंड फिरवलं. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला चौथ्या फेरीत घेतलं, त्याने दीड वर्ष गुडघ्याशी झगडून पाहिलं आणि २०१४ मध्ये एकही सामना न खेळता निवृत्ती घेतली. त्याला थांबायचं की निघायचं हे ठरवण्याची संधीच मिळाली नाही. ज्या रनिंग बॅकला ती मिळते, त्याने ती दवडू नये.

थांबण्याच्या बाजूने

पूर्वी ही बाजू लंगडी होती. थांबलं तर डिग्री, मित्र आणि शिष्यवृत्ती; निघालं तर पैसा. गरीब घरातल्या मुलाला डिग्रीचं महत्त्व पटवताना मलाच अवघड व्हायचं. आई दोन-दोन नोकऱ्या करते आहे हे दिसत असताना त्याला कोणत्या तोंडाने थांब म्हणायचं?

जुलै २०२१ पासून ते पालटलं. खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, त्यालाच इथे एनआयएल म्हणतात. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉलकडे जातो. आता मोठ्या संघाच्या नियमित क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चाल चालवणाऱ्याला) वर्षाला दहा लाखांच्या वर मिळणं नवलाचं राहिलेलं नाही.

समोरचा आकडाही बघा. २०२५ मध्ये एनएफएलच्या ५३ जणांच्या संघात टिकलेल्या नवख्याचं किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होतं. पण शेवटच्या फेऱ्यांतले कितीतरी जण त्या ५३ मध्ये नसतातच. ते सराव-पथकात असतात, २०२५ मध्ये आठवड्याला १३ हजार डॉलरवर, आणि कुठल्याही मंगळवारी हातात नारळ मिळू शकतो. टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन युअर्स याच्यापाशी कॉलेजचं एक वर्ष शिल्लक होतं. तो जानेवारी २०२५ मध्ये निघाला आणि मायामी डॉल्फिन्सने त्याला सातव्या फेरीत २३१ वा म्हणून घेतलं. चार वर्षांचा करार साधारण ४३ लाखांचा, त्यातली खात्रीची रक्कम फारच थोडी. चांगल्या कॉलेजात आणखी एक वर्ष खेळून त्याच्या हाती याहून बरं काही लागलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कोण गेला ते पाहा. कॅम वॉर्डने जानेवारी २०२४ मध्ये निघतो म्हणून जाहीर केलं होतं. दोन आठवड्यांत विचार बदलला, वॉशिंग्टन स्टेट सोडून मायामी विद्यापीठात गेला, एक मोसम खेळला, आणि २०२५ मध्ये टेनेसी टायटन्सने त्याला सर्वांत आधी उचललं. चार वर्षांचे जवळपास ४ कोटी ८८ लाख डॉलर. जेडन डॅनियल्सचंही तेच. २०२२ नंतर लुइझियाना स्टेटमध्ये (एलएसयू) थांबला, २०२३ मध्ये कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन चषक जिंकला, २०२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. वर ज्या बरोचा करार सांगितला, तोही शेवटच्या वर्षी ६० टचडाउन फेकींपर्यंत (चेंडू गोलपट्ट्यात पोचवणाऱ्या फेकी) पोचेस्तोवर कोणाच्या पहिल्या यादीत नव्हता. क्वार्टरबॅकला वाढायला खेळ लागतो, समोरचा बचाव वाचायची सवय लागते, आणि ती बाकावर बसून येत नाही.

पण ज्याचं नाव आधीच वर आहे त्याने थांबून काय मिळवायचं? २००५ मध्ये यूएससीचा मॅट लायनर्ट निघाला असता तर अगदी वर गेला असता अशी तेव्हा सर्वत्र बोलवा होती. तो थांबला आणि पुढच्या वर्षी दहावा गेला. त्याच विद्यापीठाचा मॅट बार्कली २०१२ साठी थांबला, खांदा दुखावला, आणि चौथ्या फेरीत ९८ वा गेला. अँड्र्यू लक मात्र २०११ मध्ये स्टॅनफर्डला थांबला, वास्तुरचनेची डिग्री पुरी केली, आणि तरीही २०१२ मध्ये पहिला गेला. त्याच्यावर बोट ठेवून मला सांगणारे पालक भेटतात. मी म्हणते, लकसारखा वादातीत मुलगा दहा वर्षांतून एखादा असतो, त्याच्या मापाचा सदरा आपल्या मुलाला घालू नका.

मग आपण कुठे आहोत हे कळायचं कसं?

एनएफएलची एक सल्लागार समिती आहे. संघांचे खेळाडू-पारखी तिच्यात असतात. मुलाने विचारणा केली की तिच्याकडून तीनपैकी एक उत्तर येतं: पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा दोन्ही नाही, म्हणजे कॉलेजातच थांब. ही हमी नसते, पण मामा, शेजारी आणि होऊ घातलेला एजंट यांच्यापेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवते. एजंटचा पैसा मुलगा निघाला तरच सुरू होतो, कोचची नोकरी मुलगा थांबला तर सोपी होते. दोघेही मनाने चांगले असू शकतात, तरी त्यांचं पारडं आधीच झुकलेलं असतं.

पहिली फेरी आणि दुसरी फेरी यांत फरक आहेच. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या केलेब विल्यम्सला सुमारे ३ कोटी ९५ लाख, आणि त्याच फेरीच्या शेवटच्या, ३२ व्या खेळाडूला सव्वा कोटीच्या घरात. दुसऱ्या फेरीत खाली खाली पैसा आणि खात्री दोन्ही उतरत जातात. तरी २०२५ मध्ये ३४ व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमीचा करार मिळाला, दुसऱ्या फेरीत हे पहिल्यांदाच घडलं. माझी रेघ मी दुसऱ्या फेरीखाली ओढते ती यामुळेच.

निघायचं ठरलं असेल तर मोसमाअखेरचा बोल सामना खेळू नये, असंही मी सांगते, आणि त्यावरून इथल्या सहकाऱ्यांशी वादही घालते. नोत्र दामचा जेलन स्मिथ १ जानेवारी २०१६ च्या सामन्यात गुडघा मोडून बसला आणि पहिल्या पाचातल्या अपेक्षेवरून ३४ व्या क्रमांकावर घसरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट या दोन रनिंग बॅकनी बोल सामने सोडले, दोघेही पुढे पहिल्या आठात गेले. विजेतेपदाचा प्लेऑफ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मुलाच्या मनाचा कौल मोठा.

थांबायचं ठरलं तर विमा काढा. ओरेगनचा इफो एक्प्रे-ओलोमू चौथ्या वर्षासाठी थांबला, डिसेंबर २०१४ मध्ये गुडघा गेला, सातव्या फेरीत घसरला. पण विम्याचे ३० लाख डॉलर हाती आले.

डिग्रीबद्दल बोलायचं तर मी पुण्यात वाढलेली, "आधी डिग्री पदरात पडू दे" हे वाक्य रोजच्या वरणभातासारखं ऐकलेली. तरीही या एका बाबतीत मी मुलांना घाबरवत नाही. १९९० मध्ये निघालेल्या पहिल्या मुलांपैकी एमिट स्मिथने आईला शब्द दिला होता, आणि डॅलसकडून खेळता खेळता १९९६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाची डिग्री पुरी केली. विषय उन्हाळ्यात घेता येतात. गुडघा उन्हाळ्यात परत मिळत नाही.

तो बर्फाच्या पिशवीचा मुलगा बचाव फळीत खेळायचा, आणि समितीचं उत्तर "दोन्ही नाही" असं आलेलं होतं. मी त्याला थांब म्हटलं. त्याने घड्या घातलेला कागद पुन्हा उघडला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "मग वसंत सत्रात तुमचा दुसरा कोर्स आहे का?" होता.

तारखांकडे लक्ष ठेवा. ड्राफ्टसाठी नाव देण्याची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते, आणि २०२६ पासून दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची नोंदही २ ते १६ जानेवारी एवढीच खुली असते. दोन्ही दारं एकाच पंधरवड्यात बंद होतात. नाताळात घरी जाल तेव्हा समितीचं पत्र, गुडघ्याचा एमआरआय आणि राहिलेल्या विषयांची यादी हे तिन्ही कागद बरोबर न्या, आणि आईवडिलांसमोर टेबलावर मांडून बसा.