रोबोवॉरच्या नावाखाली फसवणूक: बक्षिसाआधी अरीनाची चौकशी करा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. इंजिनिअरिंगची पोरं रोबोवॉरचे, म्हणजे रोबो-रोबोंच्या लढतीसाठी लागणारे, भाग करून घ्यायला येतात, त्यातल्या एका टीमला मी गेली काही वर्षं मदत करतो. पुण्यात होणार म्हणून जाहीर झालेल्या एका स्पर्धेच्या नावाखाली या टीमला आणि तिच्यासारख्या बऱ्याच टीमना लुबाडलं गेलं. तक्रार पोलिसांकडे आहे, म्हणून आयोजकाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण हीच माणसं उद्या दुसऱ्या नावाने दुसऱ्या शहरात दुकान मांडतील.

पोस्टरवर लाखांचं बक्षीस, खाली मोठ्या कंपन्यांचे लोगो, आठ, पंधरा आणि तीस किलोचे गट. एन्ट्री फी एका रोबोमागे सहा हजार. पोरांकडे तेवढे नव्हते, मी भरले. अरीना, म्हणजे रोबो लढतात तो बंदिस्त आखाडा, उभा करायला खर्च येतोच, त्यामुळे रक्कम अवाजवी वाटण्यासारखी नव्हती. मग ‘अरीना डॅमेज डिपॉझिट’ म्हणून आणखी पाच हजार मागितले, स्पर्धा झाल्यावर परत देण्याच्या बोलीवर. मग राहण्या-जेवणाचे. दर वेळी पैसे एका माणसाच्या यूपीआयवर आणि पावती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रिसीव्हड’.

इकडे पोरं राबत होती. पंधरा किलोचा ड्रम रोबो, म्हणजे गरागरा फिरणाऱ्या दातेरी ड्रमने समोरच्याला मारणारा. ड्रम ईएन-24 या मिश्र पोलादाचा, टर्निंग माझ्याकडे, हार्डनिंग शिरोलीला. वजन थोडं जास्त भरलं म्हणून जोडलेला रोबो पुन्हा उघडून चॅसिसला भोकं पाडली. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलेली असताना ही पोरं रात्री अकरापर्यंत माझ्याकडे असायची. पैशापेक्षा त्या मेहनतीची चोरी मला जास्त लागली आहे.

शंका आली ती अरीनामुळे. असा ड्रम मिनिटाला हजारो फेरे घेतो, त्याचा दात तुटला तर गोळीसारखा सुटतो. म्हणून खरे आयोजक आधी अरीनाबद्दल बोलतात. पॉलिकार्बोनेटची शीट किती जाड, वरून बंद आहे का, रोबोची वीज तोडायची लिंक कुठे हवी, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या चार्ज करायची जागा वेगळी आहे का, हे सगळं विचारायच्या आत सांगतात. आमच्या कॅप्टनने शीटची जाडी विचारली. उत्तर आलं, “ताई, टेन्शन घेऊ नका, सगळं इंटरनॅशनल लेव्हलचं आहे.” तिने पुन्हा विचारलं तर तिला ग्रुपमधून काढून टाकलं. मग तिने नियमावली ओळ न ओळ वाचली. त्यात लिहिलं होतं, ‘वजन मेकॅनिकल डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये होईल.’ स्पर्धा तर एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर होती! कुठल्यातरी कॉलेजच्या फेस्टची नियमावली नाव बदलून जशीच्या तशी उचलली होती.

टीममधल्या एकाचे मामा पुण्यात असतात. ते त्या कार्यालयात जाऊन आले. मॅनेजरने बुकिंगची वही त्यांच्यापुढे उघडली. स्पर्धेच्या दोन्ही तारखांना लग्नं, त्यांचा अ‍ॅडव्हान्स केव्हाच जमा झालेला. आयोजकाचं नाव अख्ख्या वहीत नव्हतं, साधी चौकशीही कुणी केलेली नव्हती. पुढच्याच आठवड्यात ‘परवानगी अडकली’ म्हणून तारीख पुढे गेली, मग ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं झालं, मग फोन बंद.

स्पर्धा रद्द झाली म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 1994 पासून होणारी ‘रोबोट वॉर्स’ 1998 मध्ये भागीदारांच्या कोर्टकज्ज्यात अडकून झालीच नाही. पुढच्याच वर्षी त्यातल्याच काही स्पर्धकांनी लाँग बीचला ‘बॅटलबॉट्स’ उभी केली. आमच्या प्रकरणात उभं करायला काही नव्हतंच.

हा फरक पोलीस ठाण्यात फार कामाला येतो. “पैशांचा वाद आहे, दिवाणी आहे,” असं म्हणून परत पाठवतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक दाखवायची तर पैसे घेतानाच हेतू खोटा होता हे दिसावं लागतं. जागा कधीच बुक नव्हती, असं मंगल कार्यालयाने लेटरहेडवर लिहून दिलं आणि मग आमचा अर्ज घेतला गेला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर कळल्याबरोबर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग होतो. नंतर सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, पोचक्रमांक जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी लागत नाही. चॅट डिलीट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, लिहून ठेवा.

आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत. याच पुण्याच्या स्पर्धेसाठी ज्यांनी पैसे भरले त्यांनी आपापल्या ठाण्यात तक्रार द्यावी. मंगल कार्यालयाच्या पत्राची प्रत अर्जाला जोडायची असेल तर मागा, मी पाठवतो.