बोटीचा स्टार्टर: दुरुस्त करावा की नवा बसवावा?

किल्ली फिरवली, एकदाच ‘टक्’ वाजलं आणि इंजिन ढिम्म हललं नाही, की लगेच नव्या स्टार्टरची चौकशी सुरू होते. थांबा. आधी दोष स्टार्टरचाच आहे हे पक्कं करा.

१२ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६च्या खाली गेली, किंवा भराभर ‘कटकटकट’ ऐकू आलं, तर आधी बॅटरी तपासा. ती ठीक असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी स्टार्टरच्या जाड बोल्टला लावा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तर दोष केबलचा. माझ्या इंजिनावर लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) बाहेरून चकचकीत होता. वरची नळी कापली, तर आतल्या तांब्याची हिरवी भुकटी हातात आली. स्टार्टर अगदी धडधाकट होता.

इंजिन हाताने फिरतंय का, हेही पाहाच. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कुठलाच स्टार्टर ते फिरवणार नाही. आणि तपासताना वारंवार सेल्फ मारायचा असेल तर बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा. इंजिन पेटत नाही, पण पंप पाणी ढकलत राहतो. ते सायलेन्सरमध्ये साचून उलट सिलिंडरमध्ये येऊ शकतं. इंजिन चालू करायच्या आधी व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

बोल्टपर्यंत पूर्ण व्होल्टेज येतंय, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) वाजतोय आणि तरी मोटर फिरत नाही, तर मात्र स्टार्टर काढा.

उघडल्यावर कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेले, सोलेनॉइडचे संपर्क जळलेले किंवा बुश (दांडा पेलणाऱ्या कड्या) ढिले दिसले, पण वाइंडिंग (तारेची गुंडाळी) कोरडं आणि स्वच्छ असेल, तर माझं मत बिनदिक्कत दुरुस्तीला. जुना स्टार्टर तुमच्या इंजिनाला नेमका बसतो, हा मोठा फायदा. सील मात्र पहिल्यासारखे बसवून घ्या. इनबोर्डवर, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनावर, स्टार्टर बहुधा खाली, बिल्जजवळ (बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथे) असतो. खारं पाणी आत जाऊन वाइंडिंगवर हिरवट थर आणि खोक्याला आतून गंज दिसला, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. काही दिवसांनी तो पुन्हा दगा देईल, आणि किनाऱ्यापासून लांब असताना देईल.

नवा घेताना गिअर रिडक्शनचा (मोटर आणि पिनियनमध्ये गिअर असलेला) मिळाला तर उत्तम: वजनाला हलका, करंट कमी ओढतो, दमलेल्या बॅटरीवरही बरा फिरतो. पण पिनियनचे (स्टार्टरच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात, बोल्टची भोकं आणि फिरण्याची दिशा जुळवून घ्या. जोड इंजिनांच्या बोटीत एखादं इंजिन उलट फिरणारं असतं. तिथे हमखास चूक होते.

तिसरा पर्याय सुचवणारे भेटतातच: मोटारीचा स्टार्टर. दिसायला तोच, किंमत कमी. पेट्रोल इनबोर्डवर तो कधीही लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये साचते. कार्बनच्या ठिणगीने तिचा भडका उडू शकतो. मरीन स्टार्टरची बांधणीच अशी असते की आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू नये. आयएसओ ८८४६ किंवा एसएई जे११७१ ही खूण पाहूनच घ्या. दुरुस्ती करणाऱ्यालाही हे आधीच सांगा. डिझेल इंजिनावर ठिणगीची धास्ती कमी, पण गंजाची तितकीच.

बसवण्याआधी बॅटरीची ऋण तार काढा. बसण्याची जागा घासून घ्या, कारण बहुतेक स्टार्टरचं अर्थिंग तिथूनच होतं. रंगाचा थर राहिला तर नवा स्टार्टरही ‘टक्’ एवढंच करेल. मोकळ्या भोकातून रिंग गिअरवर (स्टार्टर ज्याला फिरवतो त्या इंजिनाच्या दातेरी चक्रावर) टॉर्चचा प्रकाश टाका आणि इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. दात तुटलेले दिसले तर त्यांची सोय आधी लावा, मग स्टार्टर आवळा.