एमएक्स-५ चं फ्लायव्हील: मूळचं, हलक्या स्टीलचं की ॲल्युमिनियमचं?

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ चा क्लच संपत आला की हा प्रश्न हमखास पुढे येतो. गिअरबॉक्स खाली उतरवायचाच आहे, मजुरीही द्यायचीच आहे, मग हलकं फ्लायव्हील (इंजिनच्या क्रँकच्या टोकाला बसवलेली, क्लच जिच्यावर दाबला जातो ती फिरती चकती) याच वेळी बसवून घ्यावं का? माझं मत आधीच सांगतो. गाडी रोज ऑफिसला नेत असाल तर मूळचं राहू द्या. सुट्टीच्या दिवशी मोकळे वळणाचे रस्ते आणि अधूनमधून ट्रॅक, असा वापर असेल तर हलकं स्टील घ्या. ॲल्युमिनियमचा विचार गाडी मुख्यतः ट्रॅकवरच जात असेल तर करा.

एक गैरसमज मात्र आधी दूर व्हायला हवा. फ्लायव्हील बदलल्याने इंजिनची ताकद वाढत नाही. इंजिनला स्वतःचा वेग वाढवताना जी ताकद फ्लायव्हील फिरवण्यात घालवावी लागते, तेवढी वाचते. म्हणून फायदा फक्त आरपीएम चढत असताना मिळतो. हायवेवर एकाच वेगाने जाताना तो शून्य.

आता आकडे. मूळ फ्लायव्हील सुमारे ८ किलोचं आहे. बाजारातलं हलकं क्रोमोली स्टीलचं (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील) साधारण साडेपाच किलो भरतं, ॲल्युमिनियमचं साडेतीन-चार. १९९४ नंतरची १.८ लिटरची गाडी घेऊ: पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६, मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या डिफरेन्शियलचं ४.१. फ्लायव्हीलचं ४ किलो वजन केंद्रापासून सरासरी १० सेंटिमीटरवरून कमी झालं असं धरलं, तर पिकअपच्या हिशेबात पहिल्या गिअरमध्ये गाडी जवळपास ८० किलोने हलकी झाल्यासारखी पळते. दुसऱ्यात हाच आकडा २९ किलोवर येतो, तिसऱ्यात १४ वर आणि पाचव्यात जेमतेम ५ वर. इंजिन चाकाच्या जितके पट फिरतं त्या पटीचा वर्ग या हिशेबात येतो, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये फायदा झपाट्याने आटतो. हजार किलोच्या गाडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला फरक चांगलाच जाणवतो. लांब सरळ ट्रॅकवर, जिथे बहुतेक वेळ तिसरा-चौथा असतो, तिथे घड्याळात फारसं काही दिसणार नाही. म्हणूनच ऑटोक्रॉसवाल्यांना, म्हणजे मैदानात मांडलेल्या शंकूंमधून घड्याळाविरुद्ध गाडी फिरवणाऱ्यांना, हा बदल सर्वात जास्त मानवतो.

हिशेबात न मावणारी गोष्ट म्हणजे पायाखालची जाणीव. खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला नुसता टिचका दिला की आरपीएम झटकन वर येतात. ज्याला हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक दाबता दाबता ॲक्सिलरेटरही देणं) जमतं त्याला यातला आनंद वेगळा सांगायला नको. पण पाय काढला की आरपीएम तितक्याच लवकर पडतात. सावकाश गिअर बदलायची सवय असेल तर प्रत्येक वेळी छोटासा धक्का बसेल.

त्रास कुठे होतो, तर चढावर आणि ट्रॅफिकमध्ये. जड फ्लायव्हील साठवलेल्या जोरावर गाडी हलवून देतं. हलकं असेल तर थोडी जास्त रेझ द्यावी लागते, नाहीतर गाडी बंद पडते. सिग्नलला क्लच दाबून थांबताना, त्यातून एसी चालू असेल तर, आयडल (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग) खाली घसरतो. रेझ देऊन क्लच घसरवत राहिलात तर उष्णता वाढते आणि ती शोषायला धातूही आता कमीच असतो. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाटही वाढू शकतो. स्टीलमध्ये हे सगळं सहन होण्याइतकं असतं. ॲल्युमिनियमवर रोजच्या ट्रॅफिकमध्ये वैताग येईल.

टिकाऊपणातही माझा कौल स्टीलला आहे. ते एकसंध असतं, पुढच्या क्लचच्या वेळी पृष्ठभाग घासून घेता येतो. ॲल्युमिनियम स्वतः क्लच प्लेटचं घर्षण सहन करू शकत नाही, म्हणून त्यावर स्टीलची चकती बोल्टने बसवलेली असते. घेण्यापूर्वी ती चकती सुटी मिळते का, हे विचारून घ्या.

मूळचंच फ्लायव्हील लेथवर उतरवून हलकं करण्याचा स्वस्त मार्गही कुणीतरी सुचवेलच. तो मी घेणार नाही. ओतीव लोखंड ताणात कच्चं असतं आणि हे इंजिन ७००० आरपीएमच्या आसपास फिरतं. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं आवरण) भेदून थेट पायांपर्यंत येऊ शकतात. ट्रॅकसाठी घेताना एसएफआय १.१ या रेसिंगच्या सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र असलेलंच फ्लायव्हील घ्या.

बीएमडब्ल्यू ई४६ एम३ वाल्यांनी मात्र हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये. तिथे मूळचं ड्युअल-मास आहे, म्हणजे हादरे गिळणाऱ्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या आतच असतात. साधं हलकं बसवलं तर स्प्रिंगवाली क्लच प्लेट लागते आणि तरीही गिअरबॉक्स वाजतो. एमएक्स-५ मध्ये ही भानगड नाही.

काहीही ठरलं तरी गिअरबॉक्स उतरलेला असताना क्रँकचं मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग बदलून घ्या. सील गळलं तर नव्या क्लच प्लेटवर तेल येतं, आणि मग फ्लायव्हील कुठलंही असो, सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं.