पुडीचे विरजण, सहा महिन्यांनंतर

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री टांगलेल्या फडक्यातून सकाळपर्यंत जेमतेम पेलाभर पाणी गळले, आणि चक्क्याच्या जागी चमचा उचलताच तार धरणारा बुळबुळीत गोळा हाती आला. सणाचे श्रीखंड विकत आणावे लागले. दिवाळीपासून जे पुडीचे विरजण मी आवडीने वापरत होते, त्याच्याविषयी लिहायला बसले ते त्यामुळेच.

थंडीत त्याने मला मुळीच निराश केले नाही. सोलापुरातही डिसेंबरात पहाटे गारठा असतो आणि घरचे दही लागता लागत नाही. पुडी मात्र बोटाला सोसवेल इतक्या गरम दुधात मिसळून पातेले गोधडीत गुंडाळले की सहा-सात तासांत दही घट्ट लागे. ३५० रुपयांत ५ पुड्या, म्हणजे लिटरमागे विरजणालाच ७० रुपये, हे मला परवडणारे नव्हते. म्हणून त्याच दह्याचे विरजण पुढे चालवले. आठ-नऊ खेपांनंतर दही आंबट होऊ लागले, कारण स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जोडीतला तोल अशा वेळी ढळतो. पुडीवर ‘एकदाच वापरा’ असे छापलेले होते, तेव्हा तो दोष माझा.

तारेचे तसे नाही. आधी मी दुधावर संशय घेतला आणि पंढरपुरी म्हशीचे दूध देणाऱ्या गवळ्याला उगीच बोलले. मग एकच तापवलेले दूध दोन वाडग्यांत ओतून एकाला पुडी आणि दुसऱ्याला शेजारच्या काकूंकडचे विरजण लावले. काकूंच्या दह्याची कवडी स्वच्छ पडली, पुडीच्या दह्याला तार आली. कंपनीला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘भांडे अस्वच्छ असेल’ हेच उत्तर मिळाले आणि त्याचा मला अजूनही राग आहे. चौथ्या खेपेला एका जाणकाराने सांगितले की यातले जिवाणू साखरेच्या लांब साखळ्या तयार करतात, त्या पाणी धरून ठेवतात आणि दही घट्ट राहावे म्हणून असे वाण मुद्दाम निवडलेले असतात. म्हणजे दही नासलेले नव्हते. पण जे दही पाणी सोडतच नाही त्याचा चक्का कसा व्हावा? एवढी एक ओळ पाकिटावर छापली असती तर माझे २ लिटर दूध वाचले असते.

तेव्हा ठरवलेले ‘पुन्हा घेणार नाही’ हे मत वैशाखात बदलले. पारा ४२-४३ अंशांवर गेला की डब्यात दिलेले घरचे दही दुपारपर्यंत पाण्यात तरंगते. पुडीचे दही तसेच घट्ट राहते आणि भाकरी-शेंगाचटणीबरोबर चांगले लागते. ताकाला मात्र तोच बुळबुळीतपणा येतो, त्यामुळे ताक, लोणी आणि चक्का यांसाठी मी काकूंचेच विरजण चालवते. पुढचे पाकीट घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न तारेचाच विचारणार आहे.